लाकडाचा अंदाज

वैशाख सरत आला, की कोकणातील खेड्यांत घरबांधणीची एकच घाई उडते. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असतो. अशा वेळी एखाद्या घराच्या जांभ्या दगडाच्या भिंती उभ्या आहेत, कौले अंगणात रचून ठेवली आहेत, पण वासे अपुरे पडल्याने छप्पर अर्धेच राहिले आहे, असे दिसले तर पाहणाराचाही जीव हळहळतो. पाऊस कोणासाठी थांबत नाही. उलट, गरजेहून पुष्कळ अधिक लाकूड घेऊन ते परसात वाळवीच्या तोंडी देणारा गृहस्थही तितकाच कष्टी होतो, कारण त्यात त्याची वर्षानुवर्षांची बचत अडकलेली असते. या दोन्ही आपत्ती टाळण्याचा उपाय एकच. लाकूड विकत घेण्यापूर्वी त्याचा नीट अंदाज केला पाहिजे.

कौलारू छपराला कोणकोणते लाकूड लागते, ते प्रथम पाहू. छपराच्या अगदी माथ्यावर जे आडवे लाकूड असते, त्यास आढे म्हणतात. आढ्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे उतरत जातात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकतात त्या रिपा, आणि रिपांवर कौले बसतात. वाशांना टेकण्यासाठी भिंतींच्या माथ्यावरही एकेक लांब लाकूड घालतात.

आता आपण एका दुपाखी छपराचा हिशेब करू. छपराची लांबी ३० फूट आहे. घराची रुंदी १८ फूट असून दोन्ही बाजूंना वळचण ३ फूट पुढे आली आहे. म्हणजे आढ्याच्या बरोबर खालच्या जागेपासून वळचणीच्या टोकापर्यंतचे अंतर ९ अधिक ३, म्हणजे १२ फूट झाले. मग वासा १२ फुटांचा घ्यावा काय? अनेकजण येथेच फसतात. वासा जमिनीसारखा आडवा नसतो. तो उतरता असतो. आढे वळचणीच्या टोकापेक्षा ९ फूट उंच आहे. ज्या काटकोन त्रिकोणाच्या लहान बाजू ९ व १२ फूट असतात, त्याची तिरकी बाजू १५ फूट भरते. वासा हीच ती तिरकी बाजू होय. १२ फुटांवर कापलेला वासा पुन्हा लांब करता येत नाही!

दुसरी चूक मोजणीत होते. वासे दोन-दोन फुटांवर बसवावयाचे आहेत. ३० फुटांत अशी १५ अंतरे होतात, म्हणून कोणी एका बाजूस १५ वासे घेतो. परंतु आपल्या हाताकडे पाहा. बोटे पाच, पण बोटांमधील जागा चारच. त्याचप्रमाणे १५ अंतरांना १६ वासे लागतात. दोन्ही बाजू मिळून ३२ वासे झाले. रिपांचेही तसेच आहे. १५ फुटांच्या उतारावर साधारण फूटभर अंतराने एका बाजूस १६ ओळी बसतील. दोन्ही बाजूंच्या ३२ ओळी, प्रत्येक ३० फूट. एकूण ९६० फूट रीप लागेल.

लाकडाच्या वखारीत भाव बहुधा घनफुटावर सांगतात. लांबी, रुंदी व जाडी या तिन्ही फुटांत घेऊन त्यांचा गुणाकार केला म्हणजे घनफूट निघतात. वासा ४ इंच रुंद व ३ इंच जाड असेल, तर १५ × १/३ × १/४ म्हणजे सव्वा घनफूट झाला. असे ३२ वासे ४० घनफुटांचे होतात. २ इंच रुंद व १ इंच जाड अशा रिपांचे १३ १/३ घनफूट भरतात. ८ इंच उंच व ४ इंच जाड आढ्यास ६ २/३ घनफूट, आणि दोन भिंतींवरील ४ इंच व ३ इंच मापाच्या लाकडांस ५ घनफूट लागतात. एकूण बेरीज ६५ घनफूट.

तथापि एवढ्यावर थांबून चालत नाही. वखारीतून ६५ घनफूट लाकूड आणले, पण ते सारे १० फुटी तुकड्यांचे निघाले, तर एकही वासा होणार नाही. रिपांना मात्र १० फुटी तुकडे चालतात. कारण त्यांचा सांधा नेमका वाशावर येतो. तेव्हा घनफुटांबरोबर नगांची आणि लांबीची यादीही हवी.

शिवाय करवतीखाली थोडे लाकूड भुसा होऊन जाते. काही नगांत गाठी व भेगा निघतात. सागाच्या कडेचा फिकट भाग लवकर किडतो, म्हणून तो काढून टाकावा लागतो. यासाठी एक दशांश लाकूड जास्त धरले, तर आपला आकडा सुमारे ७२ घनफुटांवर जातो. लाकूड चांगले पारखून घेतले, तर ही भर कमी पुरते. वाकडेतिकडे निघाले, तर ती वाढवावी लागते.

अनुभवी सुतार हा सारा हिशेब भिंतीवर खडूने मांडतो, आणि तो पुन्हा एकदा पडताळून मगच वखारीची वाट धरतो. सागाच्या झाडाचा गाभा इमारतीयोग्य होण्यास कित्येक दशके जावी लागतात. करवतीला मात्र ते कापण्यास काही घटकाच पुरतात. म्हणून कागदावर घालवलेली एक सकाळ वाया गेली, असे समजू नये. त्या सकाळीमुळे पहिल्या पावसात घरातील माणसे कोरड्या जमिनीवर निजतात, आणि रानातले एखादे झाड विनाकारण पडण्यापासून वाचते.