गुंठ्याएवढी चौकट आणि संत्र्याची साल



अतिवृष्टी झाली, पऱ्हाटी पाण्याखाली गेली, की आजकाल धुऱ्यावर तलाठी येतो आणि वरून उपग्रहही पाहून जातो. मग एक रंगीत नकाशा पुढे येतो आणि कोणी म्हणतं, "यात तर तुमचं वावर हिरवंच दिसतं!" अशा वेळी काय बोलावं? नकाशा खोटा असतोच असं नाही. पण तो कसा वाचावा हे ठाऊक नसलं, तर खऱ्या नकाशावरूनही चुकीचा निकाल निघतो. म्हणून आज दोनच गोष्टी समजून घेऊ.

पहिली गोष्ट चौकटीची. शाळेतला आलेखाचा कागद आठवा. उपग्रहाचं चित्र तशाच सारख्या चौकटींचं बनलेलं असतं. जमिनीच्या प्रत्येक चौकटीतून परत आलेला उजेड मोजायचा आणि तिथे आकडा लिहायचा. हिरवं पान तांबडा उजेड शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. या दोन आकड्यांवरून पीक जोमदार की कोमेजलेलं, याचा अंदाज येतो. अशा आकड्यांच्या जाळीला 'रास्टर' म्हणतात. आता मेख इथे आहे. चौकटीत निम्मी पऱ्हाटी आणि निम्मा बाभळीचा धुरा असला, तरी आकडा दोघांचा मिळून एकच!

मग चौकट केवढी, हा प्रश्न आला. १९८८ साली भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह आकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याची चौकट ७२.५ मीटरची, म्हणजे सव्वा एकराहून मोठी होती. अर्ध्या एकराच्या धन्याला त्यात स्वतःची अशी एकही चौकट नव्हती. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेचा पहिला उपग्रह २०१५ साली गेला. त्याची बारीक चौकट १० मीटरची आहे. आपला गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. म्हणजे ही चौकट जवळजवळ गुंठ्याएवढीच झाली. पण हिशेब करून पाहा. अर्ध्या एकराचं चौरस वावर सुमारे ४५ मीटर बाजूचं. त्याचे धुरे चौकटींच्या रेघांना समांतर असले, तरी पूर्ण आत बसणाऱ्या चौकटी ९ ते १६ च भरतात. बाकीच्या शेजाऱ्याशी सामाईक! वावर चिंचोळं असलं तर आणखी कमी. लहान शेतकऱ्याचं नुकसान नकाशात पुसट होतं, ते यामुळे.

दुसरी गोष्ट सालीची. आपलं नागपुरी संत्रं सोला आणि साल टेबलावर सपाट करा. ती कुठे तरी फाटणार, नाही तर ताणावी लागणार. पृथ्वीही अशीच गोल आहे. तिचा पृष्ठभाग कागदावर उतरवण्याच्या रीतीला 'प्रक्षेपण' म्हणतात. आकार राखावा तर क्षेत्रफळ बिघडतं, क्षेत्रफळ राखावं तर आकार बिघडतो. मर्केटरने १५६९ साली काढलेल्या रीतीने दिशा नीट राहतात, म्हणून ती दर्यावर्दींच्या कामाची. पण विषुववृत्तापासून दूर जावं तसं क्षेत्र फुगत जातं. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट मोठी. त्या नकाशात दोन्ही सारख्याच वाटतात. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. विषुववृत्ताचं प्रमाण धरून त्या नकाशावर इथला एकर मोजाल, तर ४० गुंठ्यांचे सुमारे ४६ भरतील! पैसे एकरी मिळायचे असतील, तर ही गंमत राहत नाही.

यावर एक तोड अशी, की पृथ्वीच्या सालीच्या सहा-सहा अंशांच्या ६० उभ्या फाका करायच्या आणि प्रत्येक फाक वेगळी पसरायची. मग ताण फार थोडा पडतो. यातली एक सीमा ७८ व्या रेखांशावर येते. म्हणून अमरावती शहर ४३ व्या फाकेत, तर वर्धा आणि नागपूर ४४ व्या फाकेत. दोन्हींकडचे नकाशे हिशेब न बदलता जोडले, तर वावर भलतीकडेच जाऊन पडेल.

याच ७८ व्या रेखांशाच्या आसपास विल्यम लॅम्बटनने १८०२ साली सुरू केलेली मोजणी उत्तरेकडे सरकत होती. नागपूरच्या वाटेवर १८२३ साली हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपुरातला शून्य मैलाचा दगड त्याच मोजणीची आठवण देतो.

गुरुजी, मुलांकडून एक काम करून घ्या. आलेखाच्या कागदावर आपल्या वावराचा आकार काढायला सांगा. पूर्ण आतल्या चौकटी एका रंगाने, कापल्या गेलेल्या दुसऱ्या रंगाने रंगवू द्या. मग मोजा. सारं आपोआप उमगेल.

आणि शेतकरीदादा, नकाशा पुढे आला की गप्प बसू नका, रागावूही नका. दोनच प्रश्न विचारा : यातली चौकट केवढी? साल कोणत्या रीतीने पसरली? उत्तर मिळालं तर नकाशा आपल्या बाजूचा साक्षीदार होईल. नाही मिळालं, तर नम्रपणे म्हणा, "साहेब, एकदा धुऱ्यावर येऊन पाहा."