क्ष-अक्षावरची फ्रिक्वेन्सी येते कुठून? स्वीप कंट्रोल सर्किट समजून घेताना

आपल्या मराठवाड्यात मायक्रोवेव्हवर काम करायचं म्हटलं की काळी माती हा विषय हाताशीच असतो. कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक साधारण 3 ते 4, आणि 10 गिगाहर्ट्झला पाण्याचा साधारण 60. म्हणजे मातीत थोडी जरी ओल असली तरी आकडा लगेच बदलतो. हे मोजायची एक जुनी पद्धत म्हणजे धातूची कॅव्हिटी. तिच्यात नमुना ठेवला की तिची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी खाली सरकते. किती सरकली यावरून स्थिरांक काढायचा.

आता प्रश्न असा की ती "सरकली" हे आपल्याला कळतं कशावरून? स्क्रीनवर खाच डावीकडे गेली म्हणून. पण साध्या स्वीप जनरेटरवर क्ष-अक्षाची फ्रिक्वेन्सी कोणी मोजलेलीच नसते. तो अक्ष म्हणजे एक व्होल्टेज असतं, बस्स. हेच व्होल्टेज एकीकडे ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी वाढवतं आणि दुसरीकडे सीआरओचा ठिपका उजवीकडे नेतं. दोन्ही एकसारखे चालतील असं आपण गृहीत धरतो.

एम.एस्सी.ला रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉनचे मोड बघताना तुम्ही हेच केलेलं असतं. रिपेलरला सॉटूथ द्यायचा आणि तोच सीआरओच्या एक्स इनपुटला. फक्त तिथे फ्रिक्वेन्सी थोडीशीच हलते आणि पॉवरही सोबत बदलते, म्हणून रुंद बँड झाडायला ते कामाचं नाही.

स्वीपच्या मुळाशी रॅम्प जनरेटर असतो. स्थिर करंटने कपॅसिटर चार्ज केला की व्होल्टेज सरळ रेषेत चढतं. 10 मायक्रोअँपिअर करंट आणि 0.1 मायक्रोफॅरड कपॅसिटर घेतला तर सेकंदाला 100 व्होल्ट, म्हणजे 0 ते 10 व्होल्ट जायला 100 मिलिसेकंद. प्रत्यक्षात हे काम ऑप-अँप इंटिग्रेटर करतो. 10 व्होल्ट झाले की कम्पॅरेटर पलटतो, फ्लिप-फ्लॉप स्विच दाबतो, कपॅसिटर रिकामा होतो. पॅनेलवरचं "स्वीप टाइम"चं बटण म्हणजे हा करंट किंवा कपॅसिटर बदलणं.

रॅम्प नेहमी 0 ते 10 व्होल्टच. त्याला किती गुणायचं आणि त्यात किती मिळवायचं हे स्टार्ट-स्टॉपच्या सेटिंगवर ठरतं. समजा पूर्ण एक्स-बँड घेतला, 8.2 ते 12.4 गिगाहर्ट्झ. म्हणजे 10 व्होल्टमध्ये 4200 मेगाहर्ट्झ. एका मिलिव्होल्टला 0.42 मेगाहर्ट्झ! 9.5 गिगाहर्ट्झच्या कॅव्हिटीचा क्यू 2000 असेल तर तिची रुंदी 4.75 मेगाहर्ट्झ. ट्यूनिंगच्या वायरवर 10 मिलिव्होल्ट हम आला तर फ्रिक्वेन्सी 4.2 मेगाहर्ट्झ हलते, म्हणजे जवळजवळ अख्ख्या खाचेएवढी. त्यात ट्रिगर "लाइन"वर असेल तर हा हम 50 हर्ट्झच्या मेन्सशी जुळून स्क्रीनवर शांत उभा राहतो, आणि आलेख अगदी निर्दोष वाटतो. माझ्या मते हा सगळ्यात फसवा प्रकार. ट्रिगर "इंटर्नल"वर टाका; खाच थरथरायला लागली तर काय ते समजा.

पुढचा टप्पा ऑसिलेटर. व्हॅरॅक्टरने ट्यून होणाऱ्या ऑसिलेटरचा व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी आलेख वाकडा असतो, म्हणून मध्ये शेपर सर्किट घालून रॅम्पलाच उलटा बाक द्यावा लागतो. यिग ऑसिलेटरला ती कटकट कमी. यिट्रियम आयर्न गार्नेटचा एक इवलासा मणी चुंबकीय क्षेत्रात ठेवतात. त्याची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी क्षेत्राच्या थेट प्रमाणात असते, टेस्लाला 28 गिगाहर्ट्झ. 10 गिगाहर्ट्झसाठी साधारण 0.36 टेस्ला. त्यामुळे ड्रायव्हर सर्किट व्होल्टेज रॅम्पचं करंट रॅम्पमध्ये रूपांतर करतं आणि तो करंट कॉइलला देतं.

पण कॉइलला लोखंडी गाभा असतो, आणि तो आळशी. करंट चढताना आणि उतरताना एकाच करंटला फ्रिक्वेन्सी काही मेगाहर्ट्झने वेगळी येते (हिस्टेरेसिस, बारावीचाच). म्हणून स्वीप नेहमी एकाच दिशेने मोजायचा. परतीच्या वाटेवर ब्लँकिंग सर्किट आरएफ बंद करतं, ठिपका लपवतं, आणि कॉइल स्थिरावायला थोडा थांबा देऊन मग पुढचा रॅम्प सोडतं.

वेगात स्वीप केला तर क्षेत्र रॅम्पच्या मागे पडतं. वरचाच 100 मिलिसेकंदांचा स्वीप घ्या: मिलिसेकंदाला 42 मेगाहर्ट्झ. क्षेत्र 1 मिलिसेकंद मागे असेल तर सगळा आलेख 42 मेगाहर्ट्झने उजवीकडे! हाच स्वीप 10 सेकंदांत केला तर चूक 0.42 मेगाहर्ट्झवर येते. शिवाय कॅव्हिटीची अख्खी रुंदी वेगवान स्वीपमध्ये जेमतेम 0.11 मिलिसेकंदात पार होते. डिटेक्टरचा अँप्लिफायर मंद असेल तर खाच उथळ होते आणि तिला शेपूट फुटतं. मग क्यू कमी दिसतो, आणि तो तोटा आपण मातीच्या नावावर लिहून मोकळे होतो. स्वीप टाइम दुप्पट करून बघा. खाच जागची हलली किंवा खोल झाली, तर आधीचा स्वीप जास्तच वेगात होता.

नवी सिंथेसाइज्ड यंत्रं फेज लॉक करून एकेका फ्रिक्वेन्सीवर थांबत जातात, तिथे क्ष-अक्ष खरोखर विश्वासाचा. मात्र 4200 मेगाहर्ट्झमध्ये 401 बिंदू घेतले तर दोन बिंदूंत 10.5 मेगाहर्ट्झचं अंतर पडतं, आणि 4.75 मेगाहर्ट्झची खाच मधल्यामध्ये चुकू शकते. आधी रुंद झाडून खाच शोधा, मग स्पॅन 50 मेगाहर्ट्झवर आणा. जुन्या यंत्रावरही स्पॅन आवळण्याचा फायदा आहेच: रॅम्पवरचा तोच 10 मिलिव्होल्ट हम मग 0.05 मेगाहर्ट्झ एवढाच उरतो.

जाता जाता: छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात प्रा. एस. सी. मेहरोत्रा यांच्या गटाने टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीवर बरंच काम केलं. तिथे स्वीप नाहीच. एक झटपट चढणारी पल्स सोडायची, तिच्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम असतात, आणि परत आलेल्या पल्सचं फूरिये रूपांतर करायचं. पण तिथेही वेळेचा अक्ष एका रॅम्पवरूनच येऊ शकतो, सॅम्पलिंग ऑसिलोस्कोपच्या. त्यावर पुढच्या वेळी.

तोवर तुमच्या लॅबमध्ये स्वीप जनरेटर असेल तर एवढं करा. नमुना न ठेवता खाचेवर मार्कर आणा, तो आकडा लिहा. मग स्वीप बंद करून सीडब्ल्यूवर जा, हाताने फ्रिक्वेन्सी फिरवत डिटेक्टरचं वाचन सगळ्यात कमी होईल तिथे थांबा, आणि काउंटर किंवा वेव्हमीटरने ती फ्रिक्वेन्सी मोजा. दोन आकड्यांतला फरक वहीच्या पहिल्या पानावर, तारीख आणि स्वीप टाइमसकट.