चाळीसगाव व परिसरातील प्रेक्षणीय स्थळे

चाळीसगाव : महाराष्ट्र राज्याच्या जळगाव जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण व खानदेशातील एक बाजारपेठ. लोकसंख्या ९७,५५१ (२०११). हे जळगावच्या नैर्ऋत्येस तितूर व डोंगरी या नद्यांच्या काठी वसले आहे. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील हे प्रस्थानक असून येथून धुळ्यास जाणारा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. दक्षिणेस औट्रम (कन्नड) घाटाने मराठवाड्याशी दळणवळण चालते. सातमाळा–अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी व घाटवाटेच्या तोंडाशी असलेल्या या स्थानामुळे येथे व्यापार वाढला. परिसरातील प्राचीन अवशेषांचा उलगडाही बऱ्याच अंशी याच स्थानामुळे होतो.

शहरात पीर मुसा कादरी यांचा दर्गा असून तेथील उरुसास सर्व धर्मांचे लोक जमतात. रेल्वेस्थानकाजवळ छायाचित्रकार केकी मूस (२ ऑक्टोबर १९१२–३१ डिसेंबर १९८९) यांची दगडी वास्तू आहे. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी आयुष्याची सु. पाच दशके बहुतांशी याच घरात एकांतात घालविली. घरातील साध्या वस्तू मेजावर मांडून निसर्गदृश्याचा आभास निर्माण करणारी छायाचित्रे हे त्यांचे वैशिष्ट्य. त्यांची छायाचित्रे, चित्रे, शिल्पे व कलावस्तूंचा संग्रह आता तेथे संग्रहालयाच्या रूपाने जतन केला आहे.

पाटणे (पाटणादेवी) : चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सु. १८ किमी.वर डोंगरांच्या कुशीत हे स्थळ आहे. यादवांचे मांडलिक निकुंभ घराणे येथून राज्य करीत असे. येथील शिवमंदिर इंद्रराजाने बांधावयास घेतले व त्याच्या मृत्यूनंतर राणी श्रीदेवी हिच्या कारकीर्दीत ते पूर्ण झाले, असे शके १०७५ (इ. स. ११५३) च्या शिलालेखावरून कळते. चंडिकादेवीच्या मंदिरात नवरात्रात भाविकांची गर्दी होते.

पाटण्याचे खरे महत्त्व भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) परंपरेशी निगडित आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा राजज्योतिषी होता. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणि इ. ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्याने येथे मठ स्थापिला. त्यास निकुंभ राजा सोइदेव याने १२०७ मध्ये दान दिले. ही माहिती देणारा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. लेखाचा बराच भाग संस्कृत असला, तरी दानाचा तपशील तत्कालीन मराठीत आहे. पाटणच्या पेठेत विक्रीस येणाऱ्या मालावर, म्हणजे ‘केण्या’वर, राजास मिळणारा हिस्सा मठाकडे वळविण्यात आला, तसेच प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल नेमून दिले गेले. गणित व ज्योतिष यांच्या अध्यापनाचा भार अशा रीतीने गावच्या बाजाराने उचलला होता. मराठीच्या प्रारंभीच्या लेखांत याची गणना होते. या कुलाचा आणखी एक पुरावा गिरणाकाठच्या बहाळ येथे मिळतो : भास्कराचार्यांच्या बंधूचा नातू अनंतदेव याने तेथे भवानीचे मंदिर बांधल्याचा शके ११४४ (इ. स. १२२२) चा लेख आहे.

या लेखांमुळे पाटणे हेच भास्कराचार्यांचे जन्मस्थान होय, असा समज परिसरात रूढ आहे. तथापि त्यांनी स्वतः सह्याद्रीच्या आश्रयास असलेले विज्जडविड हे आपले गाव म्हटले असून त्याच्या स्थाननिश्चितीबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. शिलालेखाने सिद्ध होते ते मठाचे अस्तित्व, जन्मस्थान नव्हे. मात्र एखाद्या ग्रंथकाराच्या ग्रंथांसाठी त्याच्या नातवाने पाठशाळा काढावी व तीस राजाश्रय लाभावा, ही घटना स्वतंत्रपणेही महत्त्वाची ठरते.

पाटणे येथील उत्खननात एस्. ए. साळी यांना उत्तर पुराणाश्मयुगीन अवजारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व जाळीदार रेषा कोरलेला तुकडा मिळाला. सु. २५,००० वर्षांपूर्वीचा हा तुकडा भारतातील कलानिर्मितीच्या अतिप्राचीन पुराव्यांपैकी एक होय. जवळच कण्हेरगड किल्ला, नागार्जुन कोठी व सीतान्हाणी ही लेणी आणि केदारकुंड व धवलतीर्थ हे धबधबे आहेत. धबधब्यांची शोभा पावसाळ्यातच दिसते. हा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा–औट्रमघाट अभयारण्यात मोडतो.

पितळखोरा : डोंगरमाथ्यापलीकडे कन्नड तालुक्यात (छत्रपती संभाजीनगर जिल्हा) ही बौद्ध लेणी आहेत. त्यांचे खोदकाम इ. स. पू. दुसऱ्या शतकात सुरू झाले. चौथ्या लेण्याच्या जोत्यावरील हत्तींची रांग व प्रवेशद्वाराजवळील द्वारपाल प्रेक्षणीय आहेत. येथील कण्हदास सोनाराने घडविलेली यक्षमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दात्यांत पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुलातील मितदेव याचे नाव आढळते. पाटणच्या मठाप्रमाणेच या लेण्यांनाही व्यापाराचा आधार होता, हे यावरून स्पष्ट होते. खडक ठिसूळ असल्याने लेण्यांच्या दर्शनी भागांची बरीच पडझड झाली आहे. चैत्यगृहातील स्तंभांवर उत्तरकालीन चित्रांचे अंश अद्याप दिसतात.