लगद्याच्या सांडपाण्यातला व्हॅनिला

१९८७ साली कॅनडातल्या थोरोल्डच्या कागद गिरणीने व्हॅनिलीन काढणे बंद केले. जेमतेम सहा वर्षांपूर्वी, १९८१ मध्ये, जगभर खपणाऱ्या कृत्रिम व्हॅनिलीनपैकी ६० टक्के माल या एका गिरणीतून जात होता. वर्तमानपत्राचा कागद करणारी गिरणी साऱ्या जगाच्या आइस्क्रीमला वास पुरवत होती, आणि तो धंदा पाहता पाहता संपला.

व्हॅनिलीनचे आणि सूचिपर्णी झाडांचे नाते मुळात जुने. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा कृत्रिमरीत्या बनवले, तेही या झाडांच्या रसात सापडणाऱ्या कोनिफरिनपासून. पुढे बरीच वर्षे लवंगेच्या तेलावर काम भागले. गिरणीच्या सांडपाण्याकडे लक्ष गेले ते १९३०च्या दशकात.

त्या सांडपाण्यात काय होते? सल्फाइट पद्धतीच्या गिरणीत स्प्रूसच्या लाकडाचे तुकडे आम्लधर्मी द्रावणात दाबाखाली शिजवत. सेल्युलोजचे तंतू सुटे होत आणि त्यांना धरून ठेवणारे लिग्निन विरघळून तपकिरी पाण्यात उतरे. झाडाचे जवळजवळ निम्मे वजन त्या पाण्यात असे, आणि ते सरळ नदीत सोडले जाई. त्यातल्या साखरेवर जिवाणू माजत, पाण्यातला प्राणवायू संपे, मासे मरत.

मॅकगिल विद्यापीठातले हॅरॉल्ड हिबर्ट आणि त्यांच्यासोबत काम करणारे जॉर्ज टॉमलिन्सन यांनी १९३६ मध्ये या पाण्यातून व्हॅनिलीन काढण्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. लवकरच कॉर्नवॉलच्या हॉवर्ड स्मिथ गिरणीत उत्पादन सुरू झाले. त्याच सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रॉथ्सचाइल्डलाही. कृती सांगायला सोपी. सांडपाण्यात भरपूर अल्कली घालायची, १६० ते १७० अंश सेल्सिअसला दाबाखाली हवा सोडायची. लिग्निनचा अवाढव्य रेणू तुटतो आणि त्याचा थोडासा भाग व्हॅनिलीन होऊन बाहेर पडतो. मग आम्ल घालून, द्रावकात ओढून, ऊर्ध्वपातन करून शेवटी पांढरे सुईसारखे स्फटिक हाती येतात. हे जमते ते सूचिपर्णी लाकडात, कारण त्याच्या लिग्निनची घडण व्हॅनिलीनला जवळची असते. रुंद पानांच्या झाडांचे लाकूड घेतले, तर सोबत सिरिंजाल्डिहाइड येते आणि वेगळे करण्याचा खर्च वाढतो. आपल्या बल्लारपूरच्या गिरणीचा बांबू या कामाचा नव्हताच.

साखर कारखान्याच्या मळीतून स्पिरिट काढावे आणि मागे स्पेंटवॉशचे तळे साचावे, तसेच इथे झाले. एक किलो व्हॅनिलीनमागे सुमारे १६० किलो अल्कलीयुक्त टाकाऊ द्रव उरत होता. मला या साऱ्या कथेत हा आकडा सर्वात महत्त्वाचा वाटतो. नदी वाचवणारा उद्योग म्हणून ज्याचे कौतुक झाले, त्याच्यापुढे स्वतःच्याच घाणीचा प्रश्न उभा राहिला आणि प्रदूषणाचे कायदे कडक होताच तो परवडेनासा झाला. शिवाय कच्चा मालही आटला. गिरण्या क्राफ्ट पद्धतीकडे वळल्या, तिथे काळे द्रव भट्टीत जाळून वाफ आणि रसायने परत मिळवता येतात. ती भट्टी टॉमलिन्सन याच नावाने ओळखली जाते. लिग्निनला चांगले इंधनमूल्य मिळाल्यावर त्याचा सुगंध कोण काढत बसणार?

तिकडे पेट्रोरसायनातून ग्वायकॉल आणि ग्वायकॉलपासून व्हॅनिलीन हा मार्ग स्वस्त पडू लागला. आज जगातले बहुतेक व्हॅनिलीन असेच तयार होते. मुंबईच्या कॅम्लिन फाइन सायन्सेसचा दहेजचा कारखानाही याच वाटेने जातो.

लाकडाची वाट टिकली ती नॉर्वेत. सार्प्सबोर्गच्या बोरेगार्ड कंपनीने १९६२ पासून स्प्रूसचे व्हॅनिलीन सोडलेले नाही. तिथे तांब्याचा उत्प्रेरक वापरतात आणि गाळणपडद्यांनी द्रव आधीच वेगळे करून टाकाऊ भाग कमी करतात. पण खरे बळ हिशेबात आहे. १००० किलो लाकडातून सुमारे ४०० किलो सेल्युलोज, ४०० किलो लिग्निन, ५० किलो इथेनॉल आणि ३ किलो व्हॅनिलीन निघते. थोरोल्डलाही अल्कोहोल निघत होते, पण बोरेगार्डने झाडाच्या प्रत्येक हिश्शाला गिऱ्हाईक शोधले. त्यांचे लिग्निन काँक्रीटमध्ये मिसळायला जाते, जनावरांच्या खाद्याच्या गोळ्या बांधायला जाते, आणि त्या विक्रीच्या आधारावर ते तीन किलो निघत राहतात.