विश्लेषण : इंग्लंडमध्ये पाच मित्रांना एक घर भाड्याने देण्यासाठी परवाना का लागतो?

सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधील विद्यापीठांचे वर्ग सुरू होतात. त्याआधीचे दोन-तीन महिने महाराष्ट्रातील अनेक घरांत व्हिसाइतकीच चर्चा असते ती राहण्याच्या जागेची. वसतिगृह महाग पडते म्हणून चार-पाच जण मिळून घर घेतात. व्हिडिओ कॉलवर खोल्या पाहून अनामत रक्कम पाठवली जाते. भाडे किती, विद्यापीठ किती लांब याची चौकशी होते. घरमालकाकडे परवाना आहे का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये हा प्रश्न का महत्त्वाचा आहे?

हा परवाना नेमका कसला?

महाराष्ट्रात ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार सर्वांना परिचित आहे. त्यातील लायसन्स म्हणजे मालकाने भाडेकरूला दिलेली राहण्याची परवानगी. इंग्लंडमधील परवाना वेगळा आहे. तिथे स्थानिक कौन्सिल मालकाला घर भाड्याने देण्याची परवानगी देते. एकाच कुटुंबातील नसलेल्या तीन किंवा अधिक व्यक्ती एकत्र राहत असतील आणि त्यांचे स्वयंपाकघर, न्हाणीघर किंवा शौचालय सामाईक असेल, तर अशा घराला सर्वसाधारणपणे ‘हाऊस इन मल्टिपल ऑक्युपेशन’ म्हणजेच ‘एचएमओ’ म्हणतात.

परवाना कधी बंधनकारक?

हाऊसिंग अॅक्ट 2004 नुसार 2006 पासून मोठ्या एचएमओंना परवाना सक्तीचा झाला. तेव्हा घर किमान तीन मजली असण्याची अट होती. 1 ऑक्टोबर 2018 पासून ती काढून टाकण्यात आली. आता घर एकमजली असले, तरी दोन किंवा अधिक कुटुंबांतील मिळून पाच किंवा अधिक जण तिथे राहत असतील आणि सोयी सामाईक असतील, तर परवाना लागतो.

कुटुंबाची व्याख्या इथे कळीची आहे. पती-पत्नी, सख्खी भावंडेच नव्हेत, तर चुलत, मामे, मावस भावंडेही एकाच कुटुंबात मोजली जातात. मित्र मात्र प्रत्येकी स्वतंत्र ‘कुटुंब’ ठरतो. म्हणजे दोन भाऊ आणि त्यांचे एकमेकांशी नाते नसलेले तीन मित्र एकत्र राहिले, तर माणसे पाच आणि कुटुंबे चार. या घराला परवाना हवा.

अनेक कौन्सिलनी तीन-चार जणांच्या घरांनाही आपल्या हद्दीत परवाना सक्तीचा केला आहे. त्यामुळे एका शहरात चालणारी गोष्ट शेजारच्या शहरात बेकायदा ठरू शकते. विद्यापीठ स्वतः चालवत असलेली वसतिगृहे यातून वगळलेली आहेत. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि त्याने जास्तीत जास्त दोघांना ठेवले असेल, तर ते घरही एचएमओ ठरत नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथे तीन वेगवेगळ्या कुटुंबांतील तिघे असले तरी परवाना लागतो.

परवान्यात काय पाहिले जाते?

मालक किंवा व्यवस्थापक या कामासाठी ‘योग्य व्यक्ती’ आहे का, हे कौन्सिल तपासते. घरात जास्तीत जास्त किती जण राहू शकतात, हा आकडा परवान्यातच लिहिलेला असतो. गॅसची सुरक्षा तपासणी दरवर्षी करावी लागते, धूर ओळखणारे अलार्म लावावे लागतात. खोलीच्या आकाराचेही बंधन आहे. एका प्रौढासाठी झोपण्याची खोली किमान 6.51 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 70 चौरस फूट हवी. दोघांसाठी 10.22 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 110 चौरस फूट. माळ्यावरच्या खोलीत छत दीड मीटरपेक्षा खाली असेल, तर तेवढी जागा मोजली जात नाही. परवान्याची मुदत कमाल पाच वर्षे असते.

एवढी कडक बंधने कशासाठी?

1999 मध्ये ग्लासगोत तळघरातील एका फ्लॅटला आग लागली. खिडक्यांना गज होते. दोन विद्यार्थी बाहेर पडू शकले नाहीत. त्यानंतर 2000 मध्ये स्कॉटलंडमध्ये परवाना सक्तीचा झाला. मार्च 2023 मध्ये पूर्व लंडनच्या शॅडवेल भागात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये डझनाहून अधिक पुरुष दाटीवाटीने राहत होते. ई-बाइकच्या बॅटरीमुळे आग लागली आणि बांगलादेशातून नुकताच आलेला एक जण मरण पावला. स्वस्त जागेसाठी सगळेच तयार असले, तरी आगीत दार एकच असते.

परवाना नसेल तर शिक्षा कुणाला?

मालकाला किंवा घराचे व्यवस्थापन करणाऱ्याला. विनापरवाना घरात राहणे हा भाडेकरूचा गुन्हा नाही. मालकावर खटला झाला, तर दंडाला कमाल मर्यादा नाही. खटला न भरताही कौन्सिल हजारो पौंडांचा दंड करू शकते. शिवाय भाडेकरू न्यायाधिकरणाकडे जाऊन भाडे परत मागू शकतो. याची मर्यादा 12 महिन्यांच्या भाड्याची होती. रेंटर्स राइट्स अॅक्ट 2025 ने ती 24 महिन्यांवर नेली. किती रक्कम परत द्यायची, हे न्यायाधिकरण ठरवते.

पूर्वी यात एक पळवाट होती. मूळ मालकाकडून घर घेऊन खोल्या दुसऱ्यांना देणारे मध्यस्थ असतात. भाडे परत मिळवण्याचा आदेश फक्त भाडेकरूच्या थेट मालकाविरुद्धच, म्हणजे अशा मध्यस्थाविरुद्धच काढता येतो, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले होते. नव्या कायद्याने मूळ मालकालाही जबाबदार धरण्याची तरतूद केली. यात विद्यार्थ्यांसाठीही एक इशारा आहे. स्वतःच्या नावावर घर घेऊन मित्रांकडून भाडे गोळा करणारा विद्यार्थी नकळत घरमालकाच्या भूमिकेत जाऊ शकतो.

अनामत देण्याआधी काय पाहावे?

प्रत्येक कौन्सिलला परवाना असलेल्या एचएमओंची सार्वजनिक नोंदवही ठेवावी लागते. घराचा पत्ता सांगून तिथे चौकशी करता येते. परवान्यात किती जणांना परवानगी आहे, हे पाहावे आणि राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात आहे याची खात्री करावी. तिघांच्या नावावर करार करून सहा जणांनी राहण्यात भाडे वाचते, पण सुरक्षेचे सारे हिशेब तिघांचेच असतात. भाडे रोख न देता बँकेतून द्यावे. उद्या न्यायाधिकरणापुढे जाण्याची वेळ आली, तर भाडे भरल्याचा तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.