बदल झाला, हे कळणार कसे?

पावसाळ्यात भंडाऱ्याजवळ कारधा येथे वैनगंगेची पातळी मोजतात. नुसते पाणी पाहून ते किती चढले हे सांगता येत नाही. त्यासाठी आधीची नोंद आणि धोक्याची खूण लागते. शिवाय पुराचा निरोप ज्या वाटेने जायचा, तीच वाट पुराखाली जाऊन चालत नाही. या दोन्ही गोष्टी ई-मेलच्या सर्व्हरलाही लागू पडतात.

मेल सर्व्हर म्हणजे ई-मेलचे टपाल कार्यालय. कोणती पत्रे स्वीकारायची, कोणती पुढे धाडायची, याचे नियम त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेले असतात. पोस्टफिक्स हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा मेल सर्व्हर. त्याच्या मुख्य फाइलमध्ये ‘मायनेटवर्क्स’ नावाची एक ओळ असते. आपल्यामार्फत बाहेर पत्रे पाठवण्याची मुभा कोणत्या संगणकांना आहे, हे ती ठरवते.

समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर ही ओळ कोणी सैल केली आणि जगातल्या सर्व संगणकांना मुभा दिली. त्या दिवशी काहीच बिघडलेले दिसणार नाही. पत्रे येत राहतील, जात राहतील. पण थोड्याच काळात फसव्या जाहिराती पाठवणारे लोक हा सर्व्हर वापरू लागतील, त्याचे नाव काळ्या यादीत जाईल आणि मग विद्यार्थ्यांना पाठवलेली परीक्षेची, शिष्यवृत्तीची खरी पत्रेही इतर सर्व्हर नाकारतील. म्हणून परिणाम दिसण्याची वाट न पाहता बदल झाल्याबरोबर कळायला हवे.

हे कसे साधायचे? फाइलचा ‘ठसा’ घेऊन. कल्पना समजण्यासाठी भंडाऱ्याचा पिनकोड घेऊ : ४४१९०४. अंकांची बेरीज २२. आता मधल्या दोन अंकांची अदलाबदल करून ४४९१०४ लिहा. बेरीज पुन्हा २२च! म्हणजे हा ठसा कच्चा. त्याऐवजी पहिल्या अंकाला १ने, दुसऱ्याला २ने, असे सहाव्याला ६ने गुणून बेरीज करा. मूळ संख्येसाठी ७५ येतात, बदललेल्या संख्येसाठी ६७. बदल पकडला गेला. हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा, आणि हाही ठसा फसेल अशी संख्या मुलांना शोधायला सांगावी. ती सापडते.

संगणक यापेक्षा फार पक्की रीत वापरतो. एसएचए-२५६ या रीतीने कितीही मोठ्या फाइलचा ६४ चिन्हांचा ठसा मिळतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा साफ वेगळा येतो. फाइलींचे ठसे ताडून पाहणारा ‘ट्रिपवायर’ हा प्रोग्राम १९९२ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात तयार झाला. आजही रीत तीच आहे. दर पाच मिनिटांनी एक छोटा प्रोग्राम ठसा काढतो, जपून ठेवलेल्या ठशाशी ताडतो आणि फरक आढळला तर व्यवस्थापकाला पत्र पाठवतो. त्यात बदलाची वेळ आणि बदललेल्या ओळी असतात. पासवर्ड असलेल्या ओळी मात्र पत्रात घालू नयेत. ठरवून बदल केला असेल, तर नवा ठसा नोंदवायचा. तसे न केल्यास रोज खोट्या इशाऱ्यांची पत्रे येतात आणि खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते.

मूळ ठसा त्याच संगणकावर ठेवू नये. जो नियम बदलू शकतो, तो ठसाही बदलू शकतो. इशाऱ्याचे पत्रही त्याच सर्व्हरमार्फत पाठवू नये. बदलामुळे सर्व्हरच अडला, तर पत्र आतच पडून राहील. पोस्टफिक्स न गेलेले पत्र सहसा पाच दिवस पुन्हापुन्हा पाठवून पाहतो. पाच दिवसांनी आलेल्या इशाऱ्याचा काय उपयोग? तेव्हा इशारा दुसऱ्या सर्व्हरवरून किंवा मोबाइलवर एसएमएसने जावा.

शेवटी एक प्रश्न उरतो. इशारा आला नाही, याचा अर्थ सर्व ठीक आहे, की इशारा देणारा प्रोग्रामच बंद पडला आहे? शांततेवरून हे ओळखता येत नाही. यावरचा उपाय शिक्षकांच्या रोजच्या वापरातला आहे. हजेरी घेताना ‘मी गैरहजर आहे’ असे कोणी सांगेल, अशी अपेक्षा आपण धरत नाही. ‘हजर’ असे उत्तर ऐकतो, आणि ते ज्याचे आले नाही त्याची चौकशी करतो. त्या प्रोग्रामनेही रोज सकाळी ‘हजर’ म्हणून एक पत्र पाठवावे. ज्या दिवशी ते येणार नाही, त्या दिवशी उठून पाहायला जावे.