सातबाऱ्यावरचं ‘सामाईक’: हिस्सा असतो, तुकडा नसतो

 मराठवाड्यातल्या कुठल्याही शिवारात शेतीचे वाद निघाले की एक शब्द हमखास येतो: सामाईक. बाप गेला की वारसाचा फेरफार होतो, सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं चढतात आणि वाटणी मात्र राहून जाते. मग दोन समजुती रुजतात. पहिली अशी, की जो ज्या भागात पेरतो तो भाग त्याचाच झाला. दुसरी याच्या उलट: सगळ्यांच्या सह्या मिळाल्याशिवाय कुणालाच काही करता येत नाही. वरवर या एकमेकींना छेद देतात, पण दोघींचं मूळ एकच आहे. हिस्सा आणि तुकडा यांत केलेली गल्लत.

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या कलम 19 प्रमाणे एकत्र वारसा मिळालेले वारस सामान्यतः सहधारक होतात. दोन हेक्टर जमिनीचे चार समान वारस असतील, तर प्रत्येकाला विहिरीजवळचा किंवा रस्त्याकडचा अर्धा हेक्टर मिळत नाही. अख्ख्या जमिनीच्या प्रत्येक गुंठ्यात चौथा हिस्सा मिळतो. त्यातला एक वारला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या तिघांकडे न जाता त्याच्या स्वतःच्या वारसांकडे जातो. ‘बहीण सासरी गेली, चाळीस वर्षं कधी शेतावर आली नाही, तिचा हक्क संपला’ हे ऐकू येतं, पण ते कायद्याला मान्य नाही. एका सहवारसाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्येच पी. लक्ष्मी रेड्डी प्रकरणात सांगितलं. बहिणीचा हक्क उघडपणे, तिला कळेल अशा रीतीने नाकारला, तरच प्रतिकूल कब्जाची, म्हणजे दीर्घ उघड ताब्यातून मालकी मिळवण्याची, मुदत सुरू होते. नुसती वहिवाट पुरत नाही.

यावर कुणी म्हणेल, वडिलांच्या हयातीतच तोंडी वाटणी झाली होती, बांधही घातले होते, त्याचं काय? तोंडी वाटणी आपोआप रद्द ठरते असं नाही, पण ती झाली हे सिद्ध करण्याचा भार तसा दावा करणाऱ्यावर असतो. सातबाऱ्याचा आधारही वाटतो तितका भक्कम नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 157 नोंदीला, विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच, खरं मानतं. मालकी नोंदीतून जन्मत नाही. शिवाय वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीचा हक्क डावलण्यासाठी तोंडी वाटणी पुढे केली, तर सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम पुरावा लागतो, हे 2020 च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट केलं. एकट्या भावाच्या शब्दावर ते भागत नाही.

आता दुसरी समजूत. सहधारकाला आपला अविभक्त हिस्सा इतरांच्या सहीशिवायही विकता येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 तेच गृहीत धरतं. मात्र घेणाऱ्याच्या हाती येतो तो हिस्साच. खरेदीखतात चतुःसीमा लिहून मोसंबीची बाग त्याच्या नावे दाखवली म्हणून इतरांचा त्या बागेवरचा हक्क हटत नाही. जागा ठरायची ती वाटणीतच. ‘मग तर परका माणूस घरात घुसेल’ ही भीती खोटी नाही. म्हणूनच उत्तराधिकार कायद्याचं कलम 22 पहिल्या वर्गातल्या वारसांना सहवारसाचा हिस्सा विकत घेण्यात प्राधान्य देतं, आणि ते शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं. हे कलम फार कमी जणांना ठाऊक असतं, हे दुर्दैव.

सगळे सहमत असतील तर संहितेच्या कलम 85 खाली महसूल खात्याकडून वाटणी होते. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय गाठावं लागतं. त्यातही तुकडेबंदीची, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा न पाडण्याची, मर्यादा आहे. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी 2023 मध्ये जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं, त्यामुळे दोन हेक्टर जिरायतीत बारा समान वारस असले तर प्रत्येकाला वेगळा तुकडा देता येत नाही. वाटणीपत्राच्या खर्चाची सबब मात्र आता लंगडी पडते: शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतला आहे.